ओलीला ओल: 2025 च्या मे-जूनमधल्या एका पेरणीचं प्रकरण

28 मे 2025, बुधवार. संध्याकाळी भाऊजी शेतातून आले ते पाय न धुताच ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "वहिनी, समदे पेरायच्या तयारीला लागलेत, आपुनच बसलोत. मान्सून आला म्हणून सांगायलेत. उद्या बी काढू का?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत काय पाहिलं, कशावरून ठरवलं आणि कुठे चुकलो, ते मी वहीत लिहून ठेवत होते. तेच इथे सविस्तर मांडते आहे. यंदाही मे महिन्यात वळवाचा जोर झाला, तर कुणाच्या तरी ओट्यावर हाच प्रश्न येणार आहे.

आधी जमीन सांगते, कारण अर्धं उत्तर तिथेच होतं. आमचं शेत परभणी जिल्ह्यात, परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या पट्ट्यात. साडेसहा एकर, दोन तुकड्यांत. ओढ्याकडचं चार एकर भारी काळं, पुरुषभर खणलं तरी मुरूम लागत नाही. माळावरचं अडीच एकर हलकं, वीतभर मातीखाली मुरूम. पाण्याची सोय नाही, दोन्ही तुकडे आभाळावर. घरचं सोयाबीन बियाणं राखलेलं होतं.

आता आभाळ. त्या वर्षीचा मे हा मे राहिलाच नव्हता. महिन्याच्या उत्तरार्धात अरबी समुद्रात दक्षिण कोकणाजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, त्याची तीव्रता वाढली आणि 24 मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी मोसमी वारे केरळात पोहोचल्याचं भारतीय हवामान विभागाने जाहीर केलं. 1 जून ही तिथली नेहमीची तारीख, म्हणजे आठ दिवस आधी. 2009 नंतर इतक्या लवकर मोसमी पाऊस केरळात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो तळकोकणात शिरला आणि 26 मे रोजी मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. मुंबईत कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा शंभराहून जास्त वर्षांचा विक्रम मोडला.

आमच्याकडे तोवर रोज दुपारी आभाळ भरायचं आणि संध्याकाळी कोसळायचं. अंगणात मी सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा ठेवते आणि सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजते. हवामान विभागाचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच मोजला जातो, म्हणून तीच वेळ धरली. डब्यात एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, एकराला सुमारे चार हजार लिटर. 28 मेच्या सकाळी त्या आठवड्याची बेरीज शंभराच्या पुढे गेली होती. पेरणीपूर्वी 75 ते 100 मिमी पाऊस झालेला असावा, ही शिफारस भाऊजींना तोंडपाठ आहे. त्यामुळे त्यांचा प्रश्न उतावळेपणाचा नव्हता. पाऊस पुरेसा झाला होता, मान्सून आल्याची बातमी होती, रोहिणी नक्षत्र लागलेलं होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मला खटकत होती ती नकाशावरची रेषा. मोसमी पाऊस कुठवर पोहोचला हे दाखवणारी उत्तर सीमा 28 मे रोजी मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशी जात होती. अहिल्यानगर ते आदिलाबाद सुतळी धरली तर परभणी शहर किंचित खाली राहतं आणि जिंतूर किंचित वर. म्हणजे आम्ही अगदी काठावर. आणि ही रेषा जिथे येते तिथे उद्यापासून रोज पाऊस पडेल, असं ती सांगतच नाही. वारे, ढग आणि काही दिवसांचा पाऊस पाहून वाऱ्याची हद्द कुठवर आली एवढंच ती नोंदवते. रेषा पुढे सरकूनही मागे उघडीप पडू शकते. बातमीत मात्र "मान्सून दाखल" एवढाच मथळा असतो, आणि आपल्या मनात त्याचा अर्थ पेरणी असा होतो. पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे ती, दोष कुणाला द्यावा!

आमच्या घरातला वाद मात्र रेषेवरून नव्हता. तो एका शब्दावरून झाला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो: पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, आणि त्यावरून पिकांसाठी काय करावं ते. त्या दिवसांतल्या अंदाजांत "तुरळक ठिकाणी" हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. भाऊजी म्हणाले, "बघा, तुरळक पाऊस हायच की रोज. थोडा थोडा पडत राहिला तर उगवणीला याच्यापेक्षा काय पायजे?"

इथे मी त्यांना थांबवलं. तुरळक हा शब्द पाऊस किती ते सांगत नाही, किती ठिकाणी ते सांगतो. हवामान विभागाच्या भाषेत एखाद्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर "तुरळक ठिकाणी". चौथाईच्या वर ते निम्म्यापर्यंत "काही ठिकाणी", त्याच्या वर पाऊणपर्यंत "बऱ्याच ठिकाणी", आणि त्याहून जास्त तर "बहुतांश ठिकाणी". पावसाचं माप वेगळ्या शब्दांत येतं: हलका, मध्यम, जोरदार. 24 तासांत 64.5 मिमी झाला की जोरदार, 115.6 च्या पुढे अति जोरदार. तेव्हा "तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस" याचा अर्थ चार गावांपैकी तीन गावं कोरडी राहू शकतात आणि चौथ्या गावात चांगला तास-दोन तास पाऊस पडू शकतो. रोज सगळीकडे भुरभुर, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. भाऊजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग आपलं गाव चारातलं कोणतं?" याचं उत्तर कोणताही अंदाज देत नाही, आणि हे मी त्यांना तसंच सांगितलं. दोन गावांच्या मधल्या ओढ्याने पाऊस वाटून घेतलेला आपण सगळ्यांनीच पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, हवामान विभागाचा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यात गावाचं काही कळत नाही, तालुक्याचंही नाही. आठवड्याच्या सरासरीपेक्षा पाऊस जास्त राहील की कमी, एवढाच मोठ्या भागाचा कल कळतो. पेरणीला मात्र तोच कल लागतो, कारण सोयाबीन पेरल्यावर पाच-सात दिवसांनी उगवतं आणि मुळी खाली जाईपर्यंत आणखी आठवडा जातो. पाच दिवसांचा अंदाज बी पडण्यापुरता झाला, रोप जगेल का त्यासाठी दोन आठवडे पाहावे लागतात. मी पाहिलेल्या नकाशांत आमच्या भागावर पहिल्या आठवड्यात पाऊस ओसरण्याचा कल होता. त्याच दिवशी बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र पश्चिम बंगाल आणि बांगलादेशाच्या किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येकडे गेलं. वाऱ्यांची आणि ओलाव्याची सगळी ओढ तिकडे गेली. आसामात आणि आजूबाजूच्या राज्यांत पूर आले, आणि आपल्याकडे मागे कोरडी हवा शिरली. राज्याच्या कृषी विभागानेही पेरणीची घाई करू नका, असं आवाहन केलेलं होतं.

पण नकाशावर विसंबून बी घरात ठेवणं भाऊजींना पटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नव्हतं. म्हणून 30 ला सकाळी आम्ही दोघं लोखंडी सळई घेऊन शेतात गेलो.

माळावर सळई वीतभर सहज गेली आणि मुरमाला लागून थांबली. मूठभर माती दाबून गोळा केला, कमरेच्या उंचीवरून टाकला, फुटून पसरला. म्हणजे उत्तम वापसा, ओल आहे पण चिखल नाही, औत चालेल अशी माती. पेरणीची तिफण आणली असती तर तासाभरात चालली असती. काळ्यात सळई दीड हात खाली गेली, कुठे अडली नाही. गोळा मात्र टाकला तो थपकन चपटा झाला, फुटला नाही. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. वापशाला आणखी चार-पाच दिवस, तेही ऊन पडलं तर.

या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ती हीच. पेरायला आधी तयार झालेली जमीन ही आधी वाळणारी जमीन असते. माळाला वापसा लवकर आला, कारण पाणी धरून ठेवायला तिच्यात मातीच नव्हती. जो तुकडा "पेर, पेर" म्हणत होता, त्याच तुकड्याला उघडिपीचा मार सर्वांत आधी बसणार होता. आणि ज्या काळ्यात पाऊल टाकवत नव्हतं, तिच्या पोटात पुढच्या पंधरा दिवसांची ओल साठलेली होती. गावात दरवर्षी हलक्या रानाची पेरणी आधी होते आणि दुबार पेरणीही तिथेच जास्त होते. हे दोन्ही आपण वेगवेगळं बोलतो, एकत्र कधी जोडत नाही.

सोयाबीनच्या बियाला उगवायला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतकं पाणी शोषावं लागतं. त्याहून कमी मिळालं तर ते फुगतं आणि तिथेच सडतं. पुरेसं मिळून कोंब फुटला आणि वरची तीन-चार बोटं माती वाळली, तर कोंब वाटेतच करपतो. दोन्ही प्रकारे पिशवी गेली. एकरी 30 किलो बी लागतं. माळाच्या अडीच एकराचं बी म्हणजे 75 किलो, ते एकदाच राखलेलं. दुसऱ्यांदा ते विकत आणावं लागलं असतं.

ठरलं ते असं: माळावर आत्ता काही नाही. काळ्यात वापसा आला की वरची माती हलवून तण काढायला वखराची एक पाळी, पण पेरणी नाही, पुढच्या मंगळवारचा सल्ला आणि गुरुवारचा कल पाहून पुन्हा बोलायचं. भाऊजी कबूल झाले, पण मनातून नाराज होते. त्यांचं म्हणणं असं की काळ्यात ओल आहे तर वापशाबरोबर पेरून टाकावं. त्यांच्या या म्हणण्यात तथ्य होतं, पुढे ते दिसलंही.

शेजारच्या काकांनी 30 तारखेला माळ पेरला आणि 3 जूनला काळं. त्यांच्याकडेही आमच्यासारखीच दोन तऱ्हेची जमीन आहे, म्हणून आमच्यासाठी ती आपोआप तुलना झाली.

जूनचा पहिला आठवडा कोरडा गेला. सकाळी ढग यायचे, दहाला पांगायचे, दुपारी पश्चिमेचा वारा धूळ उडवायचा. मोसमी पावसाची उत्तर सीमा 29 मेपासून जागची हलली नव्हती. त्या दिवसांत घरी एकच काम नीट झालं: उगवण तपासणी. गोणपाट ओलं करून त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे ठेवले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, पाणी शिंपडत राहिलो. सातव्या दिवशी 76 दाण्यांना चांगले कोंब होते. 70 च्या वर असेल तर शिफारशीप्रमाणे बी वापरता येतं. 4 जूनला काळ्यात वखर फिरवला. मेच्या पावसाने उगवलेलं सगळं तण त्या पाळीत उपटून उन्हात पडलं. त्या एका पाळीने पुढची एक खुरपणी वाचवली, हे नंतर मजुरीच्या हिशेबात दिसलं.

8 जूनला मृग लागला तोही कोरडाच. 10 ला वटपौर्णिमेला वडाजवळ जमलेल्या बायकांत दुसरा विषय नव्हता. ज्यांचं पेरून झालं होतं त्या आभाळाकडे बघत होत्या, ज्यांचं राहिलं होतं त्याही.

काकांच्या माळावर सहाव्या-सातव्या दिवशी बी उगवून आलं होतं, पण तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, मध्येच हातभर, कुठे दोन हात रिकामं. उकरून पाहिलं तर फुगून काळपट पडलेले दाणे. जी रोपं आली होती ती दुपारी मान टाकायची, 10 तारखेपर्यंत बरीचशी वाळली. काळ्यात मात्र त्यांचं सोयाबीन छान आलं. दुपारी थोडं मलूल व्हायचं आणि सकाळी पुन्हा ताठ. मुळी खालच्या ओलीत पोहोचली होती. भाऊजींनी बांधावरून ते पाहिलं आणि मला काहीच बोलले नाहीत. मीच म्हटलं, "काळ्याबद्दल तुमचं खरं होतं, भाऊजी." त्यावर ते म्हणाले, "खरं होतं, पर भरवसा नव्हता वहिनी. आणिक आठ दिवस कोरडे गेले असते तर?"

13 जूनला संध्याकाळी वारं सुटलं आणि पाऊस आला. सकाळी डब्यात 9 मिमी. गावात तिफणी बाहेर निघाल्या. आम्ही पुन्हा सळई आणि खुरपं घेतलं. काळ्यात वरची दोन बोटं ओली, त्याखाली चार बोटं कोरडी भुसभुशीत, आणि त्याखाली पुन्हा थंड ओल. सासरे असते तर म्हणाले असते, ओलीला ओल भिडली नाही. अशा वेळी पेरलं तर बी वरच्या ओलीत फुगतं आणि मुळी मधल्या कोरड्यात अडकते. थांबलो. 15 आणि 16 ला चांगला पाऊस झाला, चार दिवसांची बेरीज 54 मिमी. याच सुमारास थांबलेली रेषाही पुढे सरकली, 16 जूनला विदर्भाच्या आणखी काही भागांत गेली. 17 ला काळ्यात खणून पाहिलं तर वरून खालपर्यंत एकच रंग. कुठे कोरडा पट्टा नाही.

माळावर त्याच 54 मिमीने काय झालं? तिथे भिडायला खालची ओल उरलीच नव्हती. मेचा सगळा पाऊस पंधरा दिवसांत उडून गेला होता, हिशेब शून्यापासून सुरू. म्हणजे एकच पाऊस, एकच डबा, आणि दोन तुकड्यांना दोन उत्तरं. 75 ते 100 मिमीची शिफारस मी तोवर एकच आकडा म्हणून वाचत होते. भारी जमिनीत पोटात ओल असेल तर त्याहून कमी पावसातही काम होतं, हलक्या जमिनीत तो आकडा पूर्ण भरलेला बरा, आणि तोही लागोपाठच्या दिवसांतला. मेचा पाऊस त्यात धरायचा नाही.

18 जूनला काळं पेरलं. बीजप्रक्रिया करून, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ न देता, दर चार ओळींनंतर एक सरी सोडून. माळासाठी आणखी नऊ दिवस थांबलो आणि 27 ला तिथे सोयाबीनऐवजी मुगात तूर घेतली. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच पेरावा, म्हणून त्याहून जास्त थांबता येत नव्हतं. जूनच्या शेवटच्या दिवसांत पाऊस सगळीकडे सारखा नव्हता. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा आणि आमच्या डब्याचा आकडा दोनदा निम्म्याने वेगळा निघाला. शेतासाठी मात्र आपलाच डबा खरा.

काकांनी माळ पुन्हा पेरला. त्यांचं काळ्यातलं सोयाबीन आमच्यापेक्षा पंधरा दिवस पुढे होतं, पण तासांत तण इतकं होतं की दोन खुरपण्या लागोपाठ कराव्या लागल्या. एकूण कुणाचं किती बरं झालं हे जुलैत ठरत नाही, आणि मी ते ठरवायला बसलेही नाही.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, ती आता सांगते. 23 मेला, या सगळ्याच्या आधी, पाऊस उघडलेला पाहून आम्ही काळ्याच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात ट्रॅक्टरने रोटाव्हेटर फिरवून घेतला होता. भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवशी मोकळा होता, पुढे मिळेल न मिळेल, म्हणून. माती ओली होती हे दोघांनाही दिसत होतं. दहा गुंठे झाल्यावर चाकं रुतायला लागली तेव्हा थांबवलं. भारी काळी ओली असताना चाकाखाली दाबली गेली की खाली घट्ट थर बसतो आणि वर जे वाळतं ते विटेसारखं. जूनच्या उन्हात त्या दहा गुंठ्यांत नारळाएवढी ढेकळं झाली. वखराने फुटली नाहीत, 54 मिमी पावसानेही पुरती विरघळली नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाऊजी आणि मी तासातली रोपं मोजली. एक मीटर लांबीत बाकी रानात 14-15 रोपं होती. त्या कोपऱ्यात पाच, कुठे सहा, आणि तीही पिवळसर. भाऊजींनी एक ढेकूळ उचलून बांधावर आपटलं. आतून ते अजून कोरडंच होतं.